उत्तर लिहिणाऱ्याच्या शब्दांत शोधा

वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश : वय ५२. शिलाई मशीनवर शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता व्हायला लागला. बॉबीन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, बिघडली असं समजून त्यांनी तासभर इंटरनेटवर शोधलं, पण बॉबिनी आणि नवी मशीन विकणारी पानंच पुढे येत राहिली. मुलानं दोन मिनिटांत एक व्हिडिओ काढून दिला. त्यात सांगितल्याप्रमाणे वरचा दोरा नव्यानं ओवला आणि मशीन सुरळीत चालू लागलं. "आई, तुला नीट विचारताच येत नाही गं," असं तो जाता जाता म्हणाला, ते त्यांना लागलं. त्याआधी एकदा रात्री हाताला मुंग्या येतात म्हणून शोधलं, तर भयंकर आजारांची रांग समोर आली आणि झोप उडाली. विणकामाच्या एका आवडत्या लेखाचा पत्ता त्यांनी वहीत लिहून ठेवला होता, तोही आता उघडत नाही. त्यांचे प्रश्न असे : योग्य प्रश्न विचारायची रीत या वयात शिकता येईल का? शोधताना शब्दांना लावतात ती चिन्हं वगैरे पाठ करावी लागतील का? की हे सगळं सोडून सरळ एआयलाच विचारत जावं?

प्रिय ताई,

मुलाच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते खरं नाही. तुम्ही तासभर एकाच शब्दांच्या मागे चिकाटीनं बसलात. त्यानं त्या दोन मिनिटांत बहुधा तीन-चार वेळा शब्द बदलले असतील, आणि तुम्हाला दिसला तो शेवटचा, लागू पडलेला शोध. सराईत माणसांचाही पहिला शोध पुष्कळदा फुकट जातो. ती त्यावर अडून राहत नाहीत, इतकंच. आलेल्या निकालांवरून नजर फिरवतात, त्यातला एखादा नवा शब्द उचलतात आणि पुन्हा शोधतात.

तुमच्या पत्रात "योग्य प्रश्न" हे शब्द पुन्हा पुन्हा आले आहेत. असा एक नेमका प्रश्न असतो आणि हुशार माणसाला तो पहिल्या झटक्यात सुचतो, असं तुम्ही धरून चालला आहात. गूगलनं स्वतःच सांगितलेलं आहे, की त्यांच्याकडे रोज जे शोध येतात त्यांतले साधारण १५ टक्के त्याआधी कधीच कुणी केलेले नसतात. म्हणजे रोज असंख्य माणसं तुमच्यासारखीच चाचपडत, आपापल्या शब्दांत काहीतरी लिहून बघत असतात. यात वयाचा संबंध फार थोडा आहे.

आणि ताई, "विचारणं" हा शब्दच मला इथे जरा खटकतो. माणसाला विचारलं की तो आपला चेहरा बघतो, उलट दोन प्रश्न करतो आणि मग सांगतो. सर्च इंजिन तसं काही करत नाही. ते वेबवरची पानं आधीच फिरून वाचून ठेवतं आणि कोणता शब्द कुठल्या पानावर आहे याची एक अवाढव्य सूची करून ठेवतं. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते ना, तशी. तुम्ही शब्द टाकलेत की त्या सूचीतून जुळणारी पानं निघतात आणि क्रमानं मांडली जातात. क्रम लावायची गूगलची मूळ कल्पना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडली होती. ज्या पानाकडे इतर चांगली पानं लिंक देऊन बोट दाखवतात, ते पान वजनदार, अशी ती कल्पना. आता त्यात आणखी कितीतरी गोष्टी मोजल्या जातात, शब्दांमागचा अर्थ ओळखायचाही प्रयत्न होतो. म्हणून अख्खं वाक्य लिहिलंत तरी आता बिघडत नाही. "मोजकेच शब्द टाका" हा जुना सल्ला पूर्वीइतका कडक पाळायची गरज राहिलेली नाही. पण शेवटी समोर येतं ते कुणीतरी, कधीतरी, स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलेलं पान.

म्हणून शोधायला बसलात की मनाशी एवढंच म्हणा : माझ्या अडचणीवर ज्यानं लिहिलं असेल, त्यानं कोणते शब्द वापरले असतील?

तुमच्या मशीनचंच बघा. तुम्ही "बॉबीन खराब" असं शोधलंत. लक्षण सांगायच्या ऐवजी तुम्ही थेट निदानच लिहिलंत. गुंता खाली दिसतो म्हणजे दोष खालीच असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात असा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो. कापड दाबून धरणारा पाय, म्हणजे प्रेसर फूट, खाली असताना दोरा ओवला, तर टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये नीट बसत नाही, वरून सैल सुटतो आणि कापडाखाली त्याचा गोळा होतो. ज्या बाईंना हे ठाऊक आहे, त्या आपल्या पानावर "बॉबीन खराब" असं कशाला लिहितील? त्या लिहितील, "कापडाच्या खाली दोरा गोळा होतो." इंग्रजीत लिहिणाऱ्या "थ्रेड बंचिंग" म्हणतील, किंवा तो गुंता पक्ष्याच्या घरट्यासारखा दिसतो म्हणून "बर्ड नेस्टिंग". मग "बॉबीन" आणि "खराब" हे शब्द कुणाच्या पानावर असतील? बॉबीन विकणाऱ्याच्या. सर्च इंजिननं तुमचं अगदी तंतोतंत ऐकलं होतं, ताई.

तेव्हा कारण माहीत नसेल तर कारण लिहू नका. डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं तेवढं लिहा. काय होतंय, कुठे होतंय, काय केल्यावर होतंय. यंत्र असेल तर त्याचं नाव आणि अंगावर छापलेला मॉडेल नंबर जोडा. स्क्रीनवर काही सूचना आली असेल तर ती स्वतःच्या भाषेत न सांगता अक्षरशः जशीच्या तशी उतरवा, कारण ज्याला तीच अडचण आली त्यानंही बहुधा तसंच केलेलं असतं. आणि वस्तूचं नावच माहीत नसेल, तर पहिला शोध फक्त नावासाठी करा. "शिलाई मशीनच्या भागांची नावं" असं टाकून चित्रांमध्ये पाहिलंत की हवा तो भाग बोट ठेवून सापडतो. वस्तू समोर असेल तर तिचा फोटो काढून फोटोवरूनही शोधता येतं. पहिल्या शोधातून उत्तर मिळालं नाही पण एक चांगला शब्द हाती लागला, तर तो शोध वाया गेला असं मी मानत नाही.

मुंग्यांचीही गोष्ट याच जातीची आहे, पण ती जिवाला घोर लावणारी आहे म्हणून वेगळी सांगते. तुम्ही काय टाइप केलंत ते पत्रात दिलंय : "हाताला मुंग्या गंभीर आजार". आता हे शब्द असलेली पानं म्हणजे गंभीर आजारांचीच पानं. भीती तुम्ही शोधात घातलीत आणि तीच दसपट होऊन परत आली. "हाताला मुंग्या येण्याची कारणे" असं लिहिलं असतं, तर साधी कारणंही शेजारी बसलेली दिसली असती. लक्षण थोडं बारकाईनं लिहिलं असतं, म्हणजे कोणत्या बोटांना, कोणत्या वेळी, तर आणखी बरं झालं असतं. उदाहरणार्थ, रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना मुंग्या येणं हे कार्पल टनेल सिंड्रोम या बऱ्याच जणांना होणाऱ्या त्रासाचं नेहमीचं वर्णन आहे. तुम्हाला तेच आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ते डॉक्टरांनी हात तपासून ठरवायचं, आणि तुम्ही अजून दाखवलं नसेल तर जरूर दाखवा. शोधाचा उपयोग डॉक्टरांसमोर आपला त्रास नीट सांगता यावा, एवढ्यासाठी करा. एक गोष्ट मात्र शोधत बसायची नाही : अचानक शरीराच्या एका बाजूची ताकद गेली, बधिरपणा आला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळू लागलं, तर फोन हातात घ्यायचा तो फक्त मदत बोलावण्यासाठी.

जे मत पक्कं झालंय तेच शोधण्याची सवय आपल्या सगळ्यांना आहे. "अमुक खाणं वाईट का" असं विचारलं की वाईट म्हणणारीच पानं येतात, "चांगलं का" म्हटलं की चांगलं म्हणणारी. महत्त्वाचा निर्णय असेल तेव्हा मी दोन्ही बाजूंनी शोधते, आणि मग दोन्ही बाजूंचे शब्द काढून टाकून तिसऱ्यांदा शोधते. पाच मिनिटं जास्त लागतात, पण मन स्वच्छ होतं.

आता ती चिन्हं. पाठ करायची काही गरज नाही. मी रोज शोधते, आणि तीनच वापरते.

पहिलं, दुहेरी अवतरणचिन्ह. त्याच्या आत लिहिलेले शब्द त्याच क्रमानं असलेली पानं मिळतात. एखादं वाक्य, शीर्षक, सूचना नेमकी आठवत असेल तेव्हा याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. दुसरं, वजाबाकीचं चिन्ह. नको असलेल्या शब्दाला ते समोरून चिकटवायचं, मध्ये जागा सोडायची नाही. पायथन सापाविषयी वाचायचं असताना त्याच नावाच्या संगणकभाषेची पानं येत असतील, तर "पायथन" लिहून, एक जागा सोडून, वजाबाकीच्या चिन्हाला चिकटून "प्रोग्रॅमिंग" लिहिलं की ती बरीचशी बाजूला होतात. तिसरं, एकाच वेबसाइटच्या आत शोधणं. रोमन अक्षरांत साइट हा शब्द, त्याला लागून कोलन, त्याला लागून त्या वेबसाइटचा पत्ता, मग एक जागा सोडून तुमचे शब्द. मोठ्या संस्थांच्या वेबसाइटवर त्यांच्या स्वतःच्या शोधचौकटीत काही सापडत नाही, ते असं बाहेरून पटकन सापडतं. कुणी तुम्हाला शब्दाआधी अधिकचं चिन्ह लावायला सांगितलं तर ती जुनी माहिती आहे. गूगलनं ते २०११ मध्येच बंद केलं आणि ते काम अवतरणचिन्हाकडे दिलं.

चिन्हांपेक्षा मोठी गोष्ट सांगते, जी आश्चर्य वाटावं इतक्या कमी जणांना माहीत असते. पान उघडल्यावर त्या पानाच्या आतही शोधता येतं. संगणकावर कंट्रोल आणि एफ ही बटणं एकत्र दाबा. फोनवर ब्राउझरच्या मेनूत "फाइंड इन पेज" असतं. लांबलचक पानात तुमचा शब्द कुठे आहे तिथे थेट नेऊन सोडतं. शब्द तिथे नसेलच, तर ते पान वाचायचे श्रमही वाचतात. तुमच्या त्या तासातली अर्धी वेळ तरी यात वाचली असती, असं मला पत्र वाचताना वाटत होतं. माहिती ताजी हवी असेल, तर निकालांच्या वर "टूल्स"मध्ये काळही निवडता येतो.

मराठीत शोधणाऱ्यांना दोन अडचणी जास्तीच्या येतात. आपली लिपी हिंदीचीही आहे आणि पुष्कळ शब्द सारखे दिसतात. "शिक्षा" लिहून बघा. आपल्याला गुन्ह्याची शिक्षा हवी असते आणि हिंदीतली शिक्षणाची पानं धो धो येतात. अशा वेळी "आणि", "आहे", "कसं", "म्हणजे" यांसारखा फक्त मराठीत चालणारा एखादा शब्द सोबत टाकावा, मग निकाल आपल्याकडे वळतात. दुसरी अडचण लेखनाची. "बॉबीन" कुणी ऱ्हस्व लिहितं, कुणी दीर्घ. "शिलाई मशीन" कुणासाठी "शिवणयंत्र" असतं. एका रूपानं काही आलं नाही तर दुसरं रूप टाकून बघा, आणि तेही नाही जमलं तर इंग्रजी शब्द. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला किंवा नुसता स्कॅन करून चढवलेला मराठी मजकूर कित्येकदा सर्च इंजिनला वाचताच येत नाही. म्हणजे वेबवर तो असतो, पण सूचीत नसतो. मराठीत सापडलं नाही म्हणून मराठीत कुणी लिहिलंच नाही, असं समजू नका.

निकाल आले की लगेच पहिल्यावर बोट ठेवू नका. वरच्या काही ओळी पैसे देऊन मिळवलेल्या असू शकतात. तिथे "प्रायोजित" असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये पुढे आला. त्यांनी ४५ जणांना अनोळखी वेबसाइट दाखवून विश्वासार्हता ठरवायला सांगितली. त्यांत १० इतिहासाचे पीएचडी होते, २५ विद्यार्थी होते आणि १० व्यावसायिक तथ्यतपासनीस होते. विद्वान आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले, त्याचं देखणं रूप, भारदस्त नाव पाहून पुष्कळदा फसले. तथ्यतपासनीस मात्र काही क्षणांत ते पान सोडून नव्या टॅबमध्ये गेले आणि ही संस्था कोण, इतर लोक हिच्याविषयी काय म्हणतात, ते शोधू लागले. कमी वाचून त्यांनीच अधिक अचूक ठरवलं. निकालांच्या यादीवरही ते उडी घेत नसत; आधी पत्ते आणि खालच्या दोन ओळी वाचत, मग निवडत. मला स्वतःला ही सवय लावून घ्यायला वेळ लागला, पण आता ती सुटत नाही. आणि कुठल्याही कंपनीचा किंवा बँकेचा मदत क्रमांक निकालांतून उचलू नका. तिथे खोटे क्रमांक पेरून ठेवणारे लोक असतात. पावतीवर, कार्डाच्या मागे किंवा त्यांच्या अधिकृत ॲपमध्ये असलेलाच क्रमांक लावा.

एआयविषयी तुम्ही विचारलंत त्यामागची दमणूक मला कळते. विचारलं की गोड शब्दांत सरळ उत्तर येतं, कुणी चिडत नाही, "तुला येत नाही" म्हणत नाही. शिवाय २०२४ पासून गूगलच्या निकालांच्या माथ्यावरही एआयनं लिहिलेला सारांश दिसू लागला आहे, त्यामुळे टाळू म्हटलं तरी तो पूर्णपणे टळत नाही. पण सर्च इंजिन दहा माणसांची दहा पानं दाखवतं आणि कोण बोलतंय ते तुम्हाला दिसतं. एआय सगळं एकाच आवाजात सांगतं, आणि चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगू शकतं. तुम्ही "बॉबीन खराब झाली आहे, कशी बदलू?" असं विचारलं असतंत, तर बॉबीन बदलायची व्यवस्थित कृती मिळण्याची शक्यता होतीच.

मी त्याचा उपयोग वेगळा करते, तुम्हीही करून बघा. त्याला दिसतं ते सगळं साध्या, लांब वाक्यांत सांगा आणि विचारा : याला जाणकार लोक काय म्हणतात, कोणत्या शब्दांनी शोधू? शब्द सुचवण्यात ते फार तरबेज आहे. ते शब्द घेऊन सर्च इंजिनकडे जा आणि माणसांनी लिहिलेली दोन तरी पानं वाचा. औषध, पैसा, कायदा यांतलं काही असेल तर त्याशिवाय पाऊल टाकू नका. एआयनं खाली दुवे दिले असतील तर तेही उघडून बघा. सांगितलेली गोष्ट त्या पानावर खरंच आहे का, ते पाहायला क्षणभर पुरतो.

मुलाकडेही पुन्हा जा, पण उत्तर मागायला नको. "तू काय टाइप करतोस ते मला शेजारी बसून बघू दे, हळू कर," असं सांगा. त्याचे फसलेले शोध तुम्हाला दिसले की तुमचं पहिलं ओझं उतरेल, आणि आपण आईला काय म्हणालो, हेही कदाचित त्याला उमगेल.

राहिला तुमचा विणकामाचा लेख. तुम्ही पत्ता वहीत उतरवून ठेवलात हे फार छान केलंत, कारण आता तोच उपयोगी पडेल. पूर्वी गूगलच्या निकालांत पानाची साठवलेली प्रत पाहता यायची, ती सोय २०२४ मध्ये गेली. पण १९९६ मध्ये स्थापन झालेली इंटरनेट आर्काइव्ह नावाची एक ना-नफा संस्था वेबवरच्या पानांच्या प्रती जपून ठेवते, आणि तिचं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना मोफत खुलं आहे. सर्च इंजिनमध्ये "वेबॅक मशीन" टाकून ते उघडा. वरच्या चौकटीत वहीतला पत्ता अक्षर न चुकवता लिहा. त्या पानाच्या प्रती असतील तर वर्षांची पट्टी आणि खाली कॅलेंडर दिसेल, त्यात काही तारखांवर रंगीत ठिपके असतील. तुम्ही तो लेख ज्या सुमारास वाचला होतात, त्या वर्षातल्या एखाद्या ठिपक्यावर बोट ठेवा.

तिथे काहीच नसेल तर लेखातलं एखादं वाक्य आठवून अवतरणचिन्हांत टाका. "दोन सुलट, दोन उलट" असलं नको, ते हजारो पानांवर असणार. त्या बाईंनी आपल्या लेखात काहीतरी खास त्यांचंच म्हटलं असेल, एखादी उपमा, टाक्याला दिलेलं एखादं नाव, ज्यामुळे इतकी वर्षं तो पत्ता तुम्ही जपलात. ते टाकून बघा. लेख दुसऱ्या पत्त्यावर हलवला असेल तर तो तसा सापडेल. सापडला की या वेळी त्याची एक पीडीएफ प्रत आपल्याजवळ साठवून ठेवा, आणि मला जरूर कळवा.